डावा पंख जरा खाली

कुसुम गेली तेव्हा तिच्या उशाशी मी नव्हतो, दुबेजी होते. हे मी अजून पचवलेलं नाही आणि पचवायचा माझा विचारही नाही. अख्खा आठवडा मी दवाखान्यातल्या त्या लोखंडी बाकावर बसून काढला. ज्या सकाळी कपभर चहा प्यायला खाली उतरलो, नेमका त्याच सकाळी हा माणूस केळी घेऊन भेटायला आला आणि माझ्या बायकोचे शेवटचे शब्द पदरात पाडून घेऊन गेला. मी जिना चढून वर आलो तर दुबेजी भिंतीला टेकून उभे, चष्मा हातात. "भाई साहब..." एवढंच म्हणाले. मी आत गेलो. बऱ्याच वेळाने बाहेर आलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "अंत तक उसी की चिंता थी उन्हें. मुझे देखते ही पूछा, 'आया क्या?' मैंने कहा, हाँ, आ गया. फिर बोलीं..." ते पुढे काही सांगत होते, पण मी हात सोडवून घेतला. मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. 'आया क्या' म्हणजे कोण, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो. तिचा भोवत्या. दर हिवाळ्यात हिमालयापलीकडच्या गवतातून उठून आमच्या भिलाईच्या माळावर येणारा तो शिकारी पक्षी. इतक्या वर्षांचा संसार केला, दुखणीखुपणी काढली, पोरगी वाढवली, आणि शेवटची चौकशी कुणाची, तर पाखराची! त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. आली ती आग.

नंतर दुबेजींनी इथल्या एका हिंदी पेपरात तिच्यावर लेख लिहिला. छानच लिहिला म्हणे, वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात कुसुम आहे, गवत आहे, दुर्बीण आहे, खुद्द दुबेजी तर ठायीठायी आहेत. मी एका वाक्यात आहे... 'उनके पति इस्पात संयंत्र से सेवानिवृत्त हैं.' संपलं. या मराठी पुरवणीसाठी कुसुमवर काहीतरी लिहून द्या असा निरोप आला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाले जमन का? नहीं तो दुबे अंकल का ही ट्रान्सलेट कर देती हूँ." म्हटलं, खबरदार! बायको माझी होती. शिवाय दुबेजींना मराठीचं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मला मोकळेपणाने लिहिता येईल, ही आणखी एक सोय.

तर पहिल्यापासून सांगतो. तिला बघायला गेलो ते भिलाई-3च्या रेल्वे क्वार्टरमध्ये. तिचे वडील नागपूरकडून दुर्ग लाइनवर आलेले. आम्ही भंडाऱ्याकडचे धानवाले, मी नुकताच भिलाईच्या पोलाद प्लांटात लागलो होतो. पोहे आले, पोह्यांमागून कुसुम आली आणि समोर बसली. वडीलधारे प्रश्न विचारत होते, ती उत्तरं देत होती, पण नजर सरळ माझ्यावर. एकदासुद्धा मान खाली नाही. मी मनात म्हटलं, वा रे गड्या! घरी येऊन आईला सांगितलं, "पोट्टीनं मले पसंत केलं." लग्नानंतर एकदा हे मी तिला मोठ्या कौतुकाने ऐकवलं तर ती इतकी हसली, इतकी हसली, की तव्यावरची पोळी करपली. "तुमच्याकडं कोण पाहून राहिलं होतं जी? तुमच्या मागं खिडकी होती. खिडकीतून चाबीवाला चालला होता."

चाबीवाला म्हणजे कोण, हे सांगायला हवं. तिचे वडील रेल्वेत चाबीवाले होते. रुळांना पकडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्यात का ते बघत, खांद्यावर हातोडा टाकून, मान खाली घालून रोज रुळांवरून चालत जायचं आणि परत यायचं, हे त्यांचं काम. लहानपणी कुसुम क्वार्टरच्या पायरीवर बसून त्यांची वाट बघायची. हिवाळ्यात धान कापून झालेल्या शेतांवरून हा पक्षीही तसाच यायचा. कमरेइतक्या उंचीवरून, मान खाली, एका बांधाच्या कडेने सरळ जायचं, वळायचं, पुन्हा दुसऱ्या बांधाने यायचं. दिवसभर काहीतरी तपासत असल्यासारखं. तिने त्याचं नाव ठेवलं चाबीवाला; माझ्या मागच्या खिडकीतून गेला तो हाच. वडील अकाली गेले, आमच्या लग्नाच्या आधीच. पक्षी येत राहिला. आता मला सांगा, अशा पक्ष्याशी नवऱ्याने कशी बरोबरी करायची? घार असती तर दगड मारून हाकलली असती. हा तर सासऱ्याच्या जागी!

चित्रं ती माहेरूनच काढत आलेली. कागद मी पुरवायचो. प्लांटात बाद झालेली ड्रॉइंग रद्दीत निघायची, त्यातली मागून कोरी असलेली मोठाली पानं साहेबांना विचारून मी आणायचो. त्यांना अमोनियाचा वास यायचा. एका बाजूला आमच्या मिलच्या रोलरचा आराखडा आणि दुसऱ्या बाजूला तिचा भोवत्या. पेन्सिल, थोडा चहाचा रंग, काजळीसारखा काळा. नर राखाडी, पंखांची टोकं शाईत बुडवल्यागत काळी. मादी तपकिरी, शेपटीवर आडवे पट्टे आणि शेपटीच्या मुळाशी पांढराशुभ्र डाग. मी एकदा म्हटलं, तपकिरीच कावून काढतं? राखाडी किती रुबाबदार दिसते. तर माझी शाळाच घेतली. राखाडी सगळ्यांना ओळखू येतो, त्यात काय आहे? भोवत्यांच्याच दोन जातींच्या माद्या शेजारी ठेवल्या की भल्याभल्यांची फेफे उडते. गळ्याजवळ फिकट पट्टी आहे की नाही तेवढं बघायला डोळे लावून बसावं लागतं. चेहरा घुबडासारखा बशीदार, कारण हा नुसता बघत नाही, ऐकतोही. गवतात उंदीर खुडबुडला की उडता उडता थबकतो, पाय खाली सोडतो आणि पडतो. टोळ, नाकतोडे, चंडोल, काही चालतं. झाडावर कधी झोपणार नाही. संध्याकाळ झाली की आपल्या भाईबंदांना घेऊन उंच गवतात जमिनीवर उतरतो आणि रात्र काढतो. एवढी माहिती तिला माझ्याबद्दल होती का, कुणास ठाऊक. माझ्या चहात साखर किती हे ती लग्नानंतर बरीच वर्षं विसरायची.

पण चित्र काढताना तिची एक अडचण व्हायची. हा पक्षी तरंगतो तेव्हा पंख सपाट ठेवत नाही, दोन्ही बाजूंनी वर उचलतो, आपण दोन्ही हात वर करून आळस देतो ना, तसे. बघता बघता तो पुढे निघून जातो, मग ते खांद्यापासूनचं उचलणं आठवायचं कसं? त्यावर तिने उपाय काढला. मला गच्चीवर न्यायची, पाठमोरा उभा करायची, पँटच्या पट्ट्यात मागे पांढरा रुमाल खोचायची आणि हात वर करायला लावायची. रुमाल कशाला, तर शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग असतो ना, त्याची जागा कळायला! पाठमोरा का, तर म्हणे तो असाच दिसतो, आपल्या ध्यानात येतो तोवर पुढे गेलेला असतो. वैशाली नगरात आमच्या आजूबाजूच्या गच्च्यांवर तेव्हा माणसं कपडे वाळत घालायला यायची. शेजारचे साहूजी विचारायचे, "क्या पाटील भैया, कसरत?" मी म्हणायचो, हो, कसरत. आणखी काय सांगणार?

"डावा हात वर घ्या ना जी."

"घेतलाच तर आहे."

"उजव्याइतका नाई आहे."

तो उजव्याइतका वर जायचा नाहीच. ड्यूटीवर जाताना सायकलवरून पडलो होतो, खांद्याचं हाड जुळलं पण आखडून जुळलं. तिलाही ते माहीत होतं, रात्री गरम तेल तीच चोळायची. तरी दर वेळी एकदा म्हणून बघायची आणि मग थांबायची. "राहू द्या. तसाच बरा." पेन्सिलची खसखस ऐकू यायची. मला तिचा चेहरा कधी दिसला नाही. मान वळवली की ओरडायची. बाप्पा, काय ओरडायची! मी समोर हथखोजच्या कारखान्यांच्या चिमण्या बघत उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, वा रे नशीब, घरची बाई तासभर आपल्याकडे टक लावून बघते आहे आणि बघते कुणाला, तर त्याला. एकदा मी म्हटलंच, "अवं, कधी मह्यं चित्र काढ ना. माणसाचं." ती म्हणाली, "तुम्ही कुठं चाललात उडून? रोज तर दिसता."

आता दुबेजी. ते एका शाळेत हिंदी शिकवायचे, अलाहाबादकडचे, बोलणं तुपातलं. पक्ष्यांचा नाद. हथखोजच्या पलीकडे भाठा आहे, म्हणजे मुरमाड पडीक माळ, गुडघाभर गवताचा. तिथे हे भोवते उतरतात याचा त्यांनी शोध लावला होता आणि कॉलनीतल्या पाचसहा जणांना घेऊन जुन्या व्हॅनमधून ते तिथे जायचे. त्यांच्या मिसेसही पुरीभाजी घेऊन बरोबर असायच्या, तेव्हा भलतंसलतं कुणी मनात आणू नये. मीही आणलं नाही. संशय वेगळा आणि जळफळाट वेगळा. माझा दुसरा होता. कुसुम त्या व्हॅनमधून परत यायची तेव्हा केसांत गवताच्या काड्या, गाल लाल, आणि तोंड चालू. दुबेजींनी हे दाखवलं, दुबेजी असं म्हणाले, दुबेजींची दुर्बीण अशी आहे. मीही तशीच दुर्बीण आणून दिली. म्हणाली, जड आहे. निवृत्तीनंतर एकदा बरोबर गेलो, तर गवतात बसल्या बसल्या डोळा लागला. घोरण्याने पक्षी उडाले म्हणे. पुढच्या रविवारी मला कुणी चल म्हटलं नाही.

दुबेजींनी तिच्या हिंदीतही हात घातला होता. आमच्या नागपुरी घरांतल्या बायकांची हिंदी तुम्हाला माहीत असेल. मराठीत नवऱ्याला 'ते आले, ते गेले' म्हणतील, पण हिंदी बोलायला लागल्या की सगळा मानपान खुंटीला. कुसुम सर्रास म्हणायची, "मेरा मिस्टर ड्यूटी पे गया है." "मेरा मिस्टर आया नहीं अभी." एकदा आमच्याच बैठकीत दुबेजी हसत म्हणाले, "भाभीजी, पति के लिए 'गए हैं' कहते हैं. 'आए हैं' कहते हैं." कुसुमने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि अगदी भाबडेपणाने विचारलं, "गए कैसा? एक ही तो है मेरा. दो-चार है क्या?" त्या दिवशी मात्र मी जाम खूश होतो. भज्यांची प्लेट त्यांच्यापुढून उचलून माझ्यापुढे ओढली.

तिची चित्रं हळूहळू त्या मंडळींत फिरू लागली आणि मग भलतीच गंमत झाली. दुबेजी एके दिवशी घाईघाईने घरी आले. वेगवेगळ्या हिवाळ्यांतली चित्रं त्यांनी टेबलावर ओळीने मांडली. म्हणाले, बघा, प्रत्येक चित्रात डावा पंख उजव्यापेक्षा जरा खाली आहे! याचा अर्थ हा एकच पक्षी आहे. कधीतरी डाव्या पंखाला इजा झालेली, आणि तरीही हजारो कोस उडत दर वर्षी याच भाठ्यावर येतो. भाभीजी त्याला ओळखतात! सगळी मंडळी थक्क. त्या पक्ष्याला नावही मिळालं, 'बायाँ', म्हणजे डावा. हिवाळा लागला की एकमेकांना विचारायचे, बायाँ दिखा क्या? आणि खरं सांगतो, दुर्बिणीतून बघताना कुठलाही पक्षी जरा कलला की कुणीतरी ओरडायचं, वही है, वही है!

पाहुणे गेल्यावर कुसुम पोट धरून हसत होती. मी चिडलो होतो. "सांग ना त्यांले. खांदा माहा आहे म्हणून सांग." ती डोळे पुसत म्हणाली, "राहू द्या जी. किती आनंद होऊन राहिला त्यांले." अरे वा! माझा खांदा मोडला, तासन्‌तास हात वर करून मी उभा राहिलो, कॉलनीत हसं झालं माझं, आणि नाव त्या पाखराचं! पण मीच जाऊन सांगणार तरी कसा? पट्ट्यात रुमाल खोचून उभा राहायचो, हे कोणत्या तोंडाने सांगू? बायाँचे कौतुकसोहळे ऐकत राहिलो आणि प्रत्येक वेळी आतून चरफडत राहिलो.

शेवटच्या आजारपणात ती फारसं बोलत नव्हती. छाती कफाने भरली होती, धाप लागायची. मी बाकावर बसायचो, तिच्या खाटेवरून मी दिसायचो. कडक बाक आणि थंडी, त्यामुळे खांदा ठणकायला लागला होता. आदल्या संध्याकाळी तिने हाताने खुणावलं, "घरी जा. झोपा. खांदा धरून बसून राहिले." मी म्हटलं, "काही नाई दुखत." तिने तोंड फिरवलं. आजारी असली तरी माझं खोटं तिला लगेच कळायचं. सकाळी ती डोळे मिटून होती म्हणून मी चहाला गेलो... पुढचं वर लिहिलंच आहे.

गेल्या पंधरवड्यात दुबेजींनी आणि त्यांच्या मंडळींनी कॉलनीच्या हॉलमध्ये तिच्या चित्रांचं प्रदर्शन लावलं. चित्रं मीच ट्रंकेतून काढून दिली. नको म्हणणार होतो, पण मुलगी डोळे वटारून उभी होती. पहिल्या रांगेत मला बसवलं, गळ्यात हार घालायला निघाले तो मी हातात घेतला. भिंतीवर सगळीकडे तो. पाठमोरा, गवतावरून चाललेला, शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग, डावा पंख जरा खाली. मग दुबेजी बोलायला उभे राहिले. गवताबद्दल बोलले, कारखाने भाठा खात चाललेत त्याबद्दल बोलले. आणि मग त्या सकाळवर आले. मी दातओठ खात बसलो.

"मैं कमरे में गया," ते म्हणाले, "तो उन्होंने आँखें खोलीं और पूछा, 'आया क्या?' मैं समझ गया, अपने बायाँ को पूछ रही हैं. मैंने कहा, हाँ भाभीजी, आ गया. उनके चेहरे पर ऐसा सुकून... फिर धीरे से बोलीं, 'उसका खांदा दुखता होगा.' खांदा, यानी कंधा. सोचिए! प्राण जा रहे हैं और उस पंछी के पंख की चिंता!"

हॉलमध्ये बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आणि मी... मला वाटतं मी जागेवरून अर्धा उठलो होतो. मुलीने माझ्याकडे पाहिलं, तिला काही कळलं नाही. चित्रातला तो खांदा कुणाचा, हे तिला कुठे माहीत होतं! माझा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला होता. तो तिथेच राहिला. आया क्या. हिंदी मास्तरांपुढे हिंदीत विचारलं तिने, तिच्या त्याच हिंदीत, जिच्यात नवऱ्याला 'आए' कधीच नव्हतं. मी चहाला गेलो होतो, आणि तिला मी हवा होतो. या माणसाने पक्ष्याचं समजून सांगितलं, आ गया. तिला ते माझं वाटलं. मी आलो असं समजून ती गेली. मी जिन्यात होतो, दोन मजले खाली, हातात तिच्यासाठी बिस्किटाचा पुडा... पण तिच्या लेखी मी आलो होतो.

एवढे दिवस ज्याच्यावर जळलो, त्याच माणसाने मला तिच्याजवळ वेळेवर पोचवलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. कार्यक्रम संपल्यावर मी दुबेजींकडे गेलो. सगळं सांगायचं म्हणूनच गेलो होतो. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "भाई साहब, ठीक बोला ना मैंने?" त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ठीक बोला." आता हे वाचून कुणी म्हणेल, पाटील, कशावरून? पक्ष्याबद्दलच विचारलं असेल तिने. असेल बुवा. मी कोणाशी वाद घालत बसणार नाही. पण ज्याने गच्चीवर रुमाल खोचून हात वर केलेले नाहीत, त्याने मला शिकवू नये.

परवा दुबेजी व्हॅन घेऊन दारात आले. चला म्हणाले, सीझन आहे, भाभीजींच्या नावाने एक फेरी मारू. मी गेलो. या खेपेला झोपलो नाही. कारखान्यांची रांग संपली, भाठ्यावर ऊन तिरपं झालं, गवत पिवळं पडलं होतं. आम्ही बांधाआड उभे राहिलो. आधी एक आला, मग तिकडून दुसरा, मग तिघे एकदम. कमरेइतक्या उंचीवरून, मान खाली घालून, रुळांवरून चालल्यासारखे. गवताच्या एका पट्ट्यावर घिरट्या घालत एकेक जण खाली उतरू लागला. मी प्रत्येकाचे पंख बघत होतो. दोन्ही सारखे. सगळ्यांचेच दोन्ही सारखे. दुबेजी माझ्या पुढे उभे होते, दुर्बीण डोळ्यांवरून काढायला तयार नव्हते. उजेड कमी कमी होत गेला, शेवटचा पक्षीही गवतात दिसेनासा झाला. तरी ते बायाँला शोधत होते. मग मागे न बघताच त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, "भाई साहब, आपको दिखा? आया क्या?"

मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो. थंडीने डावा खांदा ठणकत होता.

म्हटलं, "आया."